बिनएसीची कॅम्पर आणि पुण्यातला एप्रिल-मे

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी: जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर केली आहे. आतली जागा साधारण सव्वातीन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि जवळजवळ तितकीच उंच. छताला नुसता पत्रा. १०० अँपिअर-तासांची (एएच) लिथियम बॅटरी आणि २०० वॅटचं एक सोलर पॅनल आहे. एसी नको, जनरेटर नको. मुलांच्या सुट्टीत पुण्याच्या आसपास चार-चार दिवस राहायचं आहे. दोन छोटे पंखे आणि यूएसबीवर चालणारा एक ‘मिनी कूलर’ घेतला, पण दुपारी आत बसवत नाही.

त्या मिनी कूलरचा हिशेब आधी करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एक लिटर पाणी तासाभरात उडालं, तर ते सुमारे ६८० वॅट उष्णता घेऊन जातं. तुमच्या डबीत ३०० मिली पाणी मावतं आणि ते चार तास पुरतं. म्हणजे तासाला ७५ मिली आणि थंडावा पन्नास वॅटच्या आसपास. नुसता बसलेला माणूस शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. आत चौघं बसलात की तो कूलर जेमतेम अर्ध्या माणसाची उष्णता उचलतो, शिवाय ओलावा आतच सोडतो. बर्फाची पेटी आणि पंखा या जुगाडाचंही तसंच: पाच किलो बर्फ वितळून तासभर ४६० वॅटचा गारवा देतो आणि संपतो.

आता दुसरी बाजू. तुमच्या गाडीचं पूर्ण छत धरलं तर नऊ चौरस मीटर आहे. निरभ्र दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे छतावर नऊ इस्त्र्या तापवून ठेवल्यासारखंच. पुण्यात १३ मेच्या सुमारास शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून दुपारचा मार बाजूंवर फारसा नसतो, तो छतावर असतो. पैसे आणि मेहनत तिथेच आधी घाला. पंखे, कूलर, पडदे हे सगळं त्यानंतर.

छताचं ढोबळ गणित असं. उन्हात पत्रा ६५ अंशांपर्यंत जातो, गडद रंग असेल तर त्याच्याही वर. आत ३५ हवं असेल, तर उघड्या पत्र्यातून दीड किलोवॅटच्या वर उष्णता खाली उतरते. आतून २० मिमी नायट्राइल रबर (एसीच्या डक्टला लावतात तो रबरी फोम) लावलं तर हा आकडा चारशेच्या आत येतो. पण आत काहीच न लावता छताच्या वर, मोकळी फट ठेवून, सावली धरली तर पत्रा चाळिशीच्या आसपासच राहतो आणि उष्णता पावणेतीनशे वॅटवर येते. सावली आणि रबर दोन्ही असतील तर साठ-सत्तर. म्हणजे दीड-दोन हजारांची सावलीची जाळी महागड्या इन्सुलेशनला मागे टाकते. बहुतेक जण नेमकं उलट करतात: आत पंधरा-वीस हजार घालतात आणि गाडी उन्हात उभी करतात.

सावलीसाठी ताडपत्री घेऊ नका. ती वारा अडवते, खालची हवा कोंडते आणि वाऱ्यात शिडासारखी फुगते. रोपवाटिकांवर असते ती शेडनेट घ्या, ७५ किंवा ९० टक्क्यांची. पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर उत्तम, कारण हिरवी-काळी जाळी स्वतः तापते. सहा मीटर बाय चार मीटर पुरते. दोन्ही बाजूंना हातभर लोंबली की खिडक्यांनाही आडोसा होतो. रविवार पेठेत बोहरी आळीत जाळी, दोरी, रिंगा, हुक एकाच फेरीत मिळतील. कडेला दुहेरी पट्टी शिवून दर अर्ध्या मीटरला रिंग मारून घ्या, नाहीतर पहिल्या वाऱ्यालाच जाळी फाटते.

जाळी पत्र्यावर टेकली की तिचा निम्मा उपयोग संपला. १५ ते २० सेंमी फट हवीच, तीही दोन्ही टोकांना उघडी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. कॅरियर असेल तर काम सोपं. नसेल तर छतावर आडवे तीन पीव्हीसी पाइप, खाली रबराच्या ठोकळ्यांवर, आणि बाजूच्या पन्हळीला हुक. दोरीऐवजी स्थितिस्थापक बंजी वापरा. ती झटका सोसते. वळवाचे ढग दाटताना दिसले की जाळी उतरवा. वळवाचं वारं दहा मिनिटांत येतं आणि तेव्हा गाठी सुटत नाहीत.

जाळीमुळे पॅनलवर सावली पडते, हे ध्यानात ठेवा. पॅनल छतावर असेल तर तेवढा भाग उघडा सोडा. पॅनल ५ ते ८ सेंमी उंचावर बसवलेलं असेल तर तेही छत्रीचंच काम करतं. त्याहून चांगलं म्हणजे पॅनल सुटं ठेवणं: गाडी झाडाखाली, पॅनल दहा मीटरवर उन्हात. त्यासाठी वायर ६ चौरस मिमीची घ्या. बारीक वायरीत एवढ्या अंतरावर व्होल्टेज पडतं आणि चार्जिंग रडतखडत होतं.

छताचा रंग पांढरा नसेल तर तोही बदलण्यासारखा आहे. गच्चीसाठी मिळणारे ‘कूल रूफ’ रंग काँक्रीटसाठी असतात, पत्र्यावर ते पोपडे धरतात. गॅरेजमधला साधा पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग पुरेसा. गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते, तेव्हा आरटीओत आधी विचारा.

इन्सुलेशन करणारच असाल, तर बंद पेशींचं नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई (पॉलिथिनचा फोम), १९ ते २५ मिमी, मागे चिकट थर असलेलं. एसीच्या डक्टचं काम करणाऱ्यांकडे रोल मिळतो. आधी पत्रा थिनरने पुसा, गंज घासा, प्रायमर मारा, मगच चिकटवा, आणि तेही सकाळी, पत्रा गार असताना. तापल्या पत्र्यावर चिकटवलेला रोल महिन्याभरात लोंबतो. छताच्या आडव्या पट्ट्या उघड्या सोडू नका. लोखंडातून उष्णता रबराच्या हजारपटीहून अधिक वेगाने वाहते, त्यामुळे पट्ट्या झाकल्या नाहीत तर सगळी गळती तिथून. ग्लासवूल गाडीत नको. पावसाळ्यात ते दमट होतं, दमट झालं की बसतं, आणि मागचा पत्रा गंजतो. थर्मोकोल कुरकुरतं आणि पेटतंही लवकर. चकचकीत बबल फॉइल थेट पत्र्याला चिकटवण्याची चूक तर सर्रास होते. फॉइल उष्णता परतवतं ते समोर दोनेक सेंटिमीटर मोकळी हवा असेल तरच. चिकटवलेलं फॉइल म्हणजे नुसता चकचकीत कागद.

काचा झाकायच्या त्या बाहेरून. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता काचेमागे कोंडलेली असते. समोरच्या मोठ्या काचेला बबल फॉइलचा तुकडा वायपरखाली अडकवा आणि दोन्ही टोकं दारात चिमटून टाका. बाजूच्या काचांसाठी असेच तुकडे, कोपऱ्यांना चुंबक शिवून. काळ्या फिल्मचा मोह टाळा. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश यावा लागतो. उभ्या गाडीला काढता-घालता येणारं फॉइल कोणत्याही फिल्मपेक्षा जास्त काम करतं.

गाडी उभी कशी करायची याला काही खर्च नाही, तरी कुणी विचार करत नाही. तोंड पूर्वेला, पाठ पश्चिमेला. तसं केलं की लांब बाजू उत्तर-दक्षिण येतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्यावर ऊन कमी पडतं. दुपारी तीन ते सहाचं तिरपं, सगळ्यात छळणारं ऊन मागच्या अरुंद बाजूवर जातं, तिथे काच कमी असते. पुण्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. ऊन कललं की मागची दारं जाळी लावून सताड उघडा. खाली डांबर किंवा काँक्रीट नको. ते रात्री दहापर्यंत शेकतं. माती किंवा गवत बघा.

झाडही पारखून घ्या. साग एप्रिलमध्ये उघडाबोडका असतो, पळसालाही दाट सावली नसते. करंजाला याच सुमारास नवी पालवी येते. वड, आंबा, चिंच भरवशाचे. गुलमोहर आणि रेनट्री मात्र वळवात फांद्या टाकतात. पुण्यात दर मे महिन्यात त्यांच्याखाली गाड्या चेपतात. दुपारी सावलीला थांबा, पण रात्री तिथे झोपू नका.

आता हवा. इथे एक घरगुती सवय आड येते. दगड-मातीच्या जाड भिंतींच्या वाड्यात सकाळी नऊला दारं-खिडक्या लावून घेतल्या की दुपारी आत गारवा राहतो, कारण भिंतींनी रात्रीची थंडाई साठवलेली असते. गाडीच्या पत्र्यात साठवायला वजनच नाही. बंद गाडी कितीही चांगली झाकली तरी दोन-तीन तासांत बाहेरच्या वर जाते. गाडीतली हवा दिवसभर बदलत राहिली पाहिजे.

किती? वरच्या हिशेबातले चारशे वॅट आत येत आहेत असं धरू. तासाला १०० घनमीटर हवा बदलली, तर आत बाहेरपेक्षा १३ अंश जास्त राहील. ३०० घनमीटर बदलली तर चार-साडेचार अंश. ९०० घनमीटर, तर दीड अंश. त्यापुढे पंखा कितीही मोठा करा, बाहेरच्या तापमानाखाली जाता येत नाही. तुमचे दोन पंखे आतलीच हवा ढवळतात, बाहेर काहीच टाकत नाहीत. म्हणून फरक पडला नाही.

छतात ३५५ मिमीचं चौकोनी भोक पाडून बसवायचा कॅम्परचा खास पंखा सर्वोत्तम, कारण गरम हवा वरच जमते. तो पूर्ण वेगाला तीन ते पाच अँपिअर घेतो, मधल्या वेगाला एक-दीड. पण छत कापणं म्हणजे मूळ बांधणीत बदल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा विषय आहे, आरटीओत विचारल्याशिवाय कटर लावू नका. शिवाय भोकाची कड नीट सील झाली नाही तर जूनमध्ये गादीवर धार लागते.

न कापता करायचं असेल तर एका सरकत्या खिडकीच्या मापाचा एसीपी शीटचा (मधे प्लॅस्टिक असलेला अॅल्युमिनियमचा पत्रा) तुकडा कापा आणि त्यात १० इंची, १२ व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा बसवा, तोंड बाहेर. तो गाडीच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला सावलीच्या बाजूची एकच खिडकी किंवा दाराची खालची फट उघडी. बाकी सगळं बंद. सगळ्या खिडक्या उघडल्या तर पंखा जवळच्याच खिडकीतून हवा ओढतो आणि गाडीच्या मध्यभागी पान हलत नाही. डासांची जाळी वाऱ्याचा बराच भाग अडवते, म्हणून हवा घ्यायची जागा पंख्याच्या तोंडाच्या दुप्पट तरी ठेवा. पंख्याची वायर २.५ चौरस मिमी, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर.

बाहेरच ३९ असेल तर? मग पाणी. आणि इथे पुणेकर नशीबवान आहेत. एप्रिलमध्ये दुपारी ३९ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी उडून हवा जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरू शकते. पाऊण टप्पा जरी गाठला, तरी २६ अंशांच्या आसपासची हवा आत येते. मेच्या अखेरीला ३६ अंश आणि ४५ टक्के आर्द्रता झाली की तोच कूलर २९च्या आसपास देतो, आणि कोकणात ३३ अंश, ७० टक्के असेल तर फार तर ३० अंशांची, पण घामट हवा. म्हणजे हे यंत्र घाटावरच्या मार्च ते मध्य मेसाठी आहे. दिवेआगरला जाताना घरी ठेवा.

घरी करता येण्यासारखा कूलर असा: १५-२० लिटरचा चौकोनी प्लॅस्टिक डबा. त्यावर हनीकोंब पॅड (मोठ्या कूलरमध्ये असतं ते मधाच्या पोळ्यासारखं कागदी पॅड), ३० बाय ३० सेंमी, १० सेंमी जाड. पॅडच्या माथ्यावर भोकं पाडलेला अर्धा इंची पाइप. खाली १२ व्होल्टचा पाच वॅटचा बुडता पंप. पॅडमागे १० इंची पंखा. तासाला ४०० घनमीटर हवा ओढली तर दोन लिटरच्या थोडं वर पाणी उडतं आणि दीड किलोवॅटच्या जवळपास गारवा मिळतो, तो ४० वॅट विजेत. मिनी कूलरच्या पन्नास वॅटशी ताडून पाहा. हनीकोंबऐवजी वाळ्याची ताटीही चालते. वास सुरेख येतो, पण वारा कमी सोडते आणि दर हंगामाला बदलावी लागते.

अट एकच: कूलरने हवा बाहेरून घ्यायची आणि समोरच्या टोकाला निदान फूट बाय फूट वाट मोकळी ठेवायची. कूलर आत ठेवून खिडक्या लावल्या की पहिली वीस मिनिटं छान वाटतं, मग हवा ओली होते, पाणी उडणं थांबतं आणि अंग चिकचिकतं. लोक म्हणतात कूलर बिघडला. तो बिघडलेला नसतो. कूलर चालू असताना एक्झॉस्ट मंद ठेवा, नाहीतर तो फटीफटींतून गरम हवा ओढतो.

दुपारी बारा ते पाच चालवायला अकरा-बारा लिटर लागतील, शिवाय पिण्याचं वेगळं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. ते उडताना क्षार पॅडवर राहतात आणि आठवड्यात पॅड दगडासारखं होतं. रोज संध्याकाळी उरलेलं पाणी ओतून टाका. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, तेव्हा प्रवास संपला की डबा पुसून कोरडा ठेवा. पाणी मुबलक असेल तर छतावर ओलं गोणपाट टाकणं हा जुना उपाय अजून चालतो, फक्त गोणपाट रोज उचला, पत्र्याच्या सांध्यात ओल राहिली की गंज.

विजेचा हिशेब जमतो, पण जेमतेम. कूलर पाच तास २०० वॅट-तास, एक्झॉस्ट मधल्या वेगाला अठरा तास ३५०, झोपण्याच्या जागेचे दोन छोटे पंखे १३०, दिवे-फोन १५०. एकूण ८३० च्या आसपास. २०० वॅटचं पॅनल उन्हाळ्यात उघड्या उन्हात ८०० ते ९०० देतं. बॅटरीत वापरण्याजोगं हजार धरा. ढगाळ एक दिवस निभतो, दुसरा नाही. बॅटरी फरशीवर, सावलीच्या बाजूला ठेवा, कारण बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते आणि तापलेल्या सीटखाली ती सहज गाठली जाते.

आत उष्णता तयार करणाऱ्या गोष्टीही मोजा. गॅसची शेगडी दोन किलोवॅटची असते आणि सोबत वाफ सोडते. एक कुकर लावला की कूलरची तासाभराची मेहनत वाया. स्वयंपाक बाहेर, जाळीच्या सावलीत. बंद गाडीत शेगडी जाळणं तसंही जिवावरचं आहे. इंजिनही पोहोचल्यावर पाऊण तास तापलेलं राहतं. ट्रॅव्हलरमध्ये त्याचं झाकण केबिनमध्येच येतं, ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली. मुक्कामाला पोहोचलात की आधी सगळी दारं उघडा, सामान नंतर लावा.

रात्र पुण्याकडे बरीच सोपी असते. एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली, साधारण सहा-साडेसहाला, की झाकलेलं सगळं काढा, छतावरची जाळीसुद्धा, म्हणजे पत्रा आकाशाकडे उष्णता सोडतो. फोमची गादी पाठ तापवते. फळ्यांच्या पट्ट्यांवर पातळ कापसाची गादी किंवा नवारीची खाट, खालून वारा खेळता. पंखा अंगावर, पायांकडून डोक्याकडे. ओला पंचा मानेवर घेतला तर पंख्याचा उपयोग दुप्पट वाटतो. दुपारी मात्र हवा चाळिशीच्या वर गेली की कोरडा पंखा अंग थंड करत नाही, उलट तापवतो.

म्हणून आत एक आणि बाहेर एक असे दोन तापमापक लावा, आर्द्रताही दाखवणारे. आत ३८च्या वर गेलं आणि उतरत नसेल, तर मुलांना घेऊन झाडाखाली बसा. मुलांना किंवा कुत्र्याला बंद गाडीत दहा मिनिटंही ठेवू नका. तेवढ्यात आतलं तापमान दहा अंशांनी चढतं. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा: सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८.

जागेबद्दल एवढंच: धरणाकाठी मे महिन्यात जाण्याची सगळ्यांना हौस असते, पण पानशेत काय, पवना काय, पाणी तेव्हा खाली गेलेलं असतं आणि काठाला उघडी, भेगाळलेली जमीन उरते, सावलीचं नाव नाही. काठ सोडून वरच्या अंगाला झाडीत थांबा, संध्याकाळी पाण्यावर जा. खरा फरक हवा असेल तर उंची गाठा. पुणे सुमारे ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. एवढ्या चढाने हवा पाचेक अंशांनी उतरते. लोणावळ्याची उंची पुण्याहून फारशी जास्त नाही, तिथे हा हिशेब लागत नाही. महाबळेश्वरच्या वाटेवर कूलरचा डबा रिकामाच ठेवा, नुसती जाळी आणि एक्झॉस्ट पुरतात, आणि चढावर पंधरा लिटरचं ओझंही वाचतं.